बादलीत ७१, मंडळात ३६, मोबाइलवर १८ – शेतातला पाऊस नक्की मोजायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर बाजूच्या एका तरुण द्राक्ष शेतकऱ्याने विचारलंय की परवा रात्री झोडपून पाऊस झाला, सकाळी अंगणातल्या बादलीत पट्टी बुडवली तर ७१ मिलिमीटर पाणी, मंडळाची (म्हणजे आसपासच्या गावांच्या महसूल मंडळातल्या केंद्राची) नोंद मात्र ३६ आणि मोबाइलमधलं ॲप म्हणतंय १८, आता दिवसाला ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात आणि मदतीचा हिशोब त्यावर होतो म्हणून गावात सगळे चिडलेत, तर यातलं खरं काय मानायचं आणि स्वतःच्या शेतात हवामान केंद्र बसवायचं झालं तर कुठलं घ्यावं. बादलीचं मापही त्यांनी दिलंय, तोंड ३० सेंटीमीटर, बूड २२, उंची २८.

माझी सगळी नोकरी कृषी वेधशाळेत गेली, आधी निरीक्षक म्हणून सकाळी ७ ला आणि दुपारी २ ला तारेच्या कुंपणातली यंत्रं वाचायची, नंतर गावोगावची स्वयंचलित केंद्रं तपासायची. त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण नीट सांगतो.

आधी बादलीचं बघू, कारण निम्मं उत्तर तिथंच आहे. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते. पाऊस गोळा करते ती ३० सेंटीमीटरच्या तोंडाने आणि साठवते २२-२४ सेंटीमीटरच्या बुडात, म्हणजे तेच पाणी कमी जागेत उभं राहतं आणि पट्टीवर उंची जास्त दिसते. तुमच्या मापाने हिशोब केला, ७१ मिलिमीटर उंचीपर्यंत भरलेलं पाणी साधारण २९५० मिलिलिटर होतं. तोंडाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस सेंटीमीटर. भागाकार केला की ४.२ सेंटीमीटर, म्हणजे खरा पाऊस ४२ मिलिमीटरच्या आसपास. ७१ नाही. पीक आडवं झालेलं डोळ्यासमोर असताना हे ऐकायला जड जातं हे मला कळतंय, पण ७१ चा आकडा घेऊन तहसीलला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल आणि मग तुमचं बाकीचं खरं बोलणंही कोणी ऐकणार नाही, म्हणून आधीच सांगतोय.

हे सूत्र सगळ्यांनी लिहून ठेवा, कुठल्याही भांड्याला चालतं: साठलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं, भांड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंटीमीटर) भागायचं, आणि १० ने गुणायचं, आला पाऊस मिलिमीटरमध्ये. तोंडाचं क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४. व्यास आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यायचा, बाहेरून नाही. आणि १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी, गुंठ्याला साधारण १०१ लिटर, एकराला ४०४७ लिटर. तुमच्या ४२ मिमीचे एकरी १ लाख ७० हजार लिटर झाले, तो पाऊस काही कमी नव्हता.

आता ४२ आणि ३६ मधला फरक. इथे घड्याळ येतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त भांडणं या घड्याळावरूनच होतात. आपल्याकडे पावसाचा दिवस रात्री १२ ला बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. भारतीय हवामान खात्याची पद्धत अशी की काल सकाळी ८:३० पासून आज सकाळी ८:३० पर्यंत जेवढा पडला तो आजच्या तारखेला लिहायचा. म्हणजे मंगळवारी दुपारी ४ ला पडलेला पाऊस बुधवारच्या तारखेवर दिसतो. गावात लोक म्हणतात मंगळवारी एवढा धो धो पडला आणि रेकॉर्डला शून्य, अहो तो बुधवारच्या रकान्यात आहे. ॲपवाले बऱ्याचदा मध्यरात्र ते मध्यरात्र धरतात. त्यामुळे दोन आकडे समोरासमोर ठेवायच्या आधी दोघांचा दिवस कुठून कुठपर्यंत आहे ते विचारा, आणि तुम्ही बादली किती वाजता बघितली तेही. सकाळी १० ला बघितली असेल आणि पाऊस ९ पर्यंत चालू असेल तर साडेआठनंतरचं पाणी मंडळाच्या दुसऱ्या दिवसात गेलं असणार. यातली बोचरी बाजू अशी की एकच सलग पाऊस साडेआठच्या रेषेवर आला तर तो दोन तारखांत तुटतो, एकीकडे ४५ दुसरीकडे ४०, बेरीज ८५ पण दोन्ही दिवस ६५ च्या आतच. नियम नियमाच्या जागी, पण अशा वेळी दोन्ही दिवसांची नोंद एकत्र दाखवून पंचनाम्याचा आग्रह धरता येतो, ते जरूर करा.

आणि समजा घड्याळ बरोबर जुळलं तरी फरक राहणारच. राज्यात २ हजारांवर महसूल मंडळं आहेत, राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे सरासरीने एका मंडळाच्या वाट्याला दीडशे चौरस किमी येतात आणि तेवढ्या रानाचा पाऊस एका वीतभर तोंडाच्या यंत्राने ठरतो. जून-जुलैत आभाळ गच्च भरून संततधार लागते तेव्हा हे बऱ्यापैकी चालतं, सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखाच पडतो. पण वळवाचा आणि परतीचा पाऊस ढगाच्या एकेका पुंजक्यातून पडतो, ओढ्याच्या अलीकडे वाफसा आणि पलीकडे चिखल, हे तुम्ही दरवर्षी बघताच. मोठं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७४ सुद्धा नीट भरला नाही. दोन्ही यंत्रं बरोबर होती, पाऊसच तसा होता. घाटात तर हा फरक कायमचाच असतो, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे, तिथून २० किमीच्या आत असलेल्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास, आणि खाली वाईला उतरलं की हजाराच्याही आत. त्यामुळे तुमचे ४२ आणि मंडळाचे ३६ हे दोन्ही खरे असू शकतात, ६ मिमीचा फरक ८-१० किमीवर मी फरकच म्हणणार नाही.

ॲपच्या १८ बद्दल. बहुतेक ॲप पाऊस मोजत नाहीत, ते मॉडेलचा आकडा दाखवतात. मॉडेल म्हणजे पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला कॉम्प्युटरने काढलेलं हवामान, चांगल्या जागतिक मॉडेलमध्येही हा चौकोन साधारण ६ ते १३ किमीचा असतो, आणि त्यात चार किमी रुंदीचा एक ढग विरघळून जातो. तुमच्या गावाचं नाव स्क्रीनवर आलं म्हणजे तुमच्या गावात कोणी मोजलं असं नव्हे. उद्या फवारणी करू का, चार दिवसांनी उघडीप आहे का, यासाठी ॲप वापरा, पण काल किती पडला हे त्याला विचारू नका.

रडारचं चित्र त्यापेक्षा बरं पण तेही पाऊस थेट मोजत नाही. रडार लहरी सोडतं, थेंबांवरून परत आलेल्या लहरींच्या जोरावरून पावसाचा अंदाज काढतं. पृथ्वी गोल असल्याने आणि किरण थोडा वर उचलून सोडावा लागत असल्याने तो जितका लांब जाईल तितका जमिनीपासून उंच होत जातो, १०० किमीवर तो दीडेक किमी उंचीवरचं बघत असतो, २०० किमीवर चारेक किमी. तिथे दिसलेला थेंब खाली येईपर्यंत वाऱ्याने सरकतो, कोरड्या हवेत सुकतो, किंवा खालच्या ढगात अजून मोठा होतो. म्हणून रडारचा आकडासुद्धा शेवटी जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून सुधारतात. उपग्रहाचं तर ढगाच्या माथ्याच्या तापमानावर बरंच अवलंबून असतं, आणि आपल्या सह्याद्रीत उंची न गाठलेले ढगसुद्धा धुवाधार कोसळतात, तिथे तो कमी दाखवतो. एवढी सगळी यंत्रणा आभाळात फिरतेय पण हिशोब मिटवायला शेवटी जमिनीत रोवलेलं साधं भांडंच लागतं, म्हणून मी त्या भांड्याच्या बाबतीत इतका आग्रही आहे.

तर आता तुमचा दुसरा प्रश्न, काय घ्यावं. माझं स्पष्ट मत, आधी हाताने वाचायचा साधा पर्जन्यमापक घ्या, स्वयंचलित केंद्र नंतर. हवामान खात्याचा फायबरग्लासचा जो प्रमाण पर्जन्यमापक आहे तो २०० किंवा १०० चौरस सेंटीमीटर तोंडाचा येतो, वर नरसाळं, आत बाटली, आणि सोबत मोजायची काचेची नळी. जुना तांब्याचा किंवा जस्ताचा सायमन्सचा असेल तर त्याचं तोंड १२७ मिमी, म्हणजे ५ इंच. नळी त्याच भांड्याची पाहिजे! २०० चौसेंमीची नळी १०० चौसेंमीच्या भांड्याला वापरली तर पाऊस बरोबर निम्मा येतो. मूळ नळी फुटलेली, कोणीतरी कपाटातली दुसरी आणून ठेवलेली, आणि वर्षभर निम्मा पाऊस लिहिला जातोय असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पकडलंय, वाचणाऱ्याचा काही दोष नसतो, त्याला दिली ती नळी त्याने वापरली.

पैसे घालायचे नसतील तर ४ इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या, खाली एंडकॅप सोल्यूशनने पक्की चिकटवा, तोंड सरळ कापून कानस मारून धारदार करा. आतला व्यास मोजा, समजा १०.४ सेंटीमीटर भरला तर क्षेत्रफळ ८५ चौसेंमी, म्हणजे दर साडेआठ मिली पाण्याला १ मिमी पाऊस. पट्टी बुडवू नका, एंडकॅपचं बूड सपाट नसतं, पाणी मापात ओतून मोजा. औषध मोजायचं मिलिलिटरच्या खुणांचं माप मिळतं तसलंच एक नवं घ्या, यासाठी वेगळं ठेवा, आणि थोडंसंच पाणी असेल तर मेडिकलमधली १० मिलीची सिरिंज. सरळ उभ्या भिंतीचं भांडं आणि पाणी ओतून मोजणं, एवढं केलं तर दोन-अडीचशे रुपयांचा पाइप मोठ्या मापकाच्या जवळपास आकडा देतो.

पण कुठे लावायचा हे कशाने मोजायचं याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे, आणि लोक नेमके यावरच घाई करतात. गच्चीवर नको. कठड्यावरून उसळलेला वारा थेंबांना भांड्यावरून उडवून नेतो आणि जोराच्या वाऱ्यात पाऊस सरळ सरळ कमी भरतो. झाडाखाली, पत्र्याच्या पन्हाळीशेजारी, गोठ्याला लागून नको. ठरलेला नियम असा की जवळची कुठलीही आडकाठी, घर असो, आंबा असो की शेवग्याचं झाड, तिच्या उंचीच्या कमीत कमी दुप्पट अंतरावर मापक पाहिजे, चौपट मिळालं तर उत्तम. ५ मीटरचं झाड असेल तर १० मीटर लांब. आणि झाड वाढतं हे विसरू नका, लावताना मोकळी जागा असते आणि पाच वर्षांत शेजारची तुती नाहीतर बोगनवेल मापकावर ओणवी झालेली असते. भांड्याची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर वर, मिस्त्रीच्या पाणसळीने चारी बाजूंनी समपातळीत. खाली फरशी किंवा कोबा नको कारण थेंब आपटून उडतात आणि आत जातात, आखूड गवत बरं. भोवती साधं तारेचं कुंपण करा, शेळ्या आणि कुत्री दोन्हीसाठी.

वाचायचं रोज साडेआठला, पाऊस नसला तरी. कोरड्या दिवसाला शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही, कारण रिकाम्या रकान्याचा अर्थ बघितलं नाही असा होतो आणि दोन वर्षांनी तुम्हालाही आठवत नाही. नळीत पाण्याचा पृष्ठभाग कडेला किंचित वर चढलेला दिसतो, डोळा त्याच पातळीत आणून मधल्या सखल भागाचं वाचन घ्यायचं. खूपच पाऊस असेल आणि भांडं भरून वाहील अशी भीती असेल तर मधे रिकामं करा पण मोजून लिहून, आणि सकाळी बेरीज करा. २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो पावसाळी दिवस धरतात, हेही हिशोबात ठेवा, वर्षाअखेरीला पावसाचे दिवस किती हा आकडा पेरणीच्या नियोजनात एकूण पावसाइतकाच उपयोगी पडतो.

आता स्वयंचलित केंद्र. त्यातला पर्जन्यमापक बहुतेक टिपिंग बकेटचा असतो, आत दोन छोटे कप जोडलेले, झोपाळ्याच्या फळीसारखे वरखाली होणारे, एक भरला की कलंडतो आणि दुसरा नरसाळ्याखाली येतो, प्रत्येक कलंडण्याला चुंबकाने स्विच दाबला जातो आणि लॉगर, म्हणजे नोंद ठेवणारं यंत्र, ते मोजतो, एका टिपेला (एकदा कलंडण्याला) ०.२ किंवा ०.५ मिमी. याचा मोठा फायदा म्हणजे पाऊस किती पडला एवढंच नाही तर किती जोरात पडला तेही कळतं. अर्ध्या तासात पडलेले ४० मिमी बांध फोडतात, माती नेतात, आणि तेच ४० मिमी रात्रभर झिमझिम पडले तर विहिरीला पाणी येतं. पूर्वी हे काम सायफनवाला स्वयंलेखी मापक करायचा, ड्रमवरच्या कागदावर पेन चढत जायचं, १० मिमी झाले की पाणी आपोआप उपसलं जाऊन पेन खाली शून्यावर, त्या कागदावर उभ्या रेघांची दाटी बघूनच आम्हाला कळायचं की रात्री काय झालंय.

टिपिंग बकेटची दुखणी दोन. एक म्हणजे अतिजोराच्या पावसात कप कलंडताना त्या क्षणात पडणारं पाणी नीट मोजलं जात नाही, त्यामुळे ढगफुटीसारख्या पावसात तो थोडा कमी दाखवतो, म्हणजे नेमका गरज असते तेव्हाच. दुसरं आणि आपल्याकडचं खरं दुखणं म्हणजे कचरा. उन्हाळाभर धूळ, सुकलेली पानं, पक्ष्यांची घाण, कोळ्याची जाळी, गांधीलमाशीचं मातीचं घर, पाल, सगळं त्या नरसाळ्यात. पहिला पाऊस आला की त्याचा चिखल होतो आणि भोक बुजतं, बाहेर धो धो आणि केंद्रावर शून्य. मग ते पाणी दोन-दोन दिवस ठिबकत राहतं आणि लख्ख उन्हात केंद्र ०.५, ०.५, ०.५ असा एकसारख्या अंतराने पाऊस दाखवतं. हे लक्षण ओळखायला शिका, खरा पाऊस कधी इतका नेमाने पडत नाही. कुठल्याही केंद्राच्या १०-१० मिनिटांच्या नोंदीत अशी माळ दिसली की समजायचं नरसाळं तुंबलंय आणि आदल्या जोराच्या पावसाचा आकडा भरवशाचा नाही.

तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. समजा मापकाचं तोंड २०० मिमी व्यासाचं आहे, क्षेत्रफळ ३१४ चौसेंमी, तर ३१४ मिली पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. एवढं पाणी बाटलीत घेऊन झाकणाला बारीक भोक पाडून अर्ध्या-पाऊण तासात सावकाश नरसाळ्यात सोडा. ०.२ मिमीचं यंत्र असेल तर ५० टिपा पडल्या पाहिजेत. ४९ किंवा ५१ ठीक, ४२ आल्या तर स्क्रूने कपाचा कल दुरुस्त करायला माणूस बोलवा. आणि ही चाचणी लॉगरला कळवून किंवा तारीख-वेळ लिहून करा, नाहीतर तुमचं बाटलीतलं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जाईल. विकणाऱ्याला खरेदीच्या वेळीच विचारा की ही चाचणी करून दाखवता का, आणि वर्षातून दोनदा सर्व्हिस देणार का. जो यावर चालढकल करतो त्याच्याकडून घेऊ नका, किंमत कितीही कमी असो.

तापमानाचं थोडक्यात पण मन लावून वाचा, तुमच्याकडे द्राक्षं आहेत म्हणून. हवेचं तापमान म्हणजे सावलीतलं, वाहत्या हवेतलं, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास. वेधशाळेत त्यासाठी पांढऱ्या रंगाची दुहेरी झडपांची लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन, थॉमस स्टीव्हन्सन या दीपस्तंभ बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने केलेली. तिचं दार उत्तरेला असतं, म्हणजे वाचायला उघडलं तरी ऊन आत पडू नये. स्वयंचलित केंद्रात तेच काम एकावर एक पांढऱ्या ताटल्या करतात. त्या ताटल्या धुळीने तांबूस झाल्या, किंवा केंद्र पत्र्यावर आणि स्लॅबवर बसवलं, की दुपारचं तापमान फुगतं. ओसरीतल्या भिंतीवर टांगलेला थर्मामीटर भिंतीचं तापमान सांगतो, हवेचं नाही.

आणि थंडीत उलटं होतं. निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात पेपरात येतो, समजा ५ अंश, तो पेटीतला आहे. स्वच्छ आकाश आणि पडलेला वारा असेल तर रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता आभाळात सोडत राहतात आणि जमिनीलगतचं तापमान पेटीपेक्षा काही अंश खाली जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठल्याचे फोटो येतात आणि त्याच दिवशी वेधशाळेत तापमान शून्याच्या चांगलंच वर असतं, लोक म्हणतात वेधशाळा खोटं सांगते. खोटं नाही. एकतर गोठतं ते गवतावर आणि गाड्यांच्या टपावर, पेटीत नाही, आणि दुसरं म्हणजे जड गार हवा रात्री उतारावरून वाहत येऊन तलावाच्या खोलगट भागात साठते, उंचावरच्या वेधशाळेत ती थांबत नाही. तुमच्या बागेचा सखल कोपरा असेल तर तिथे, घडांच्या उंचीवर, एक वेगळा किमान तापमापक लावा. पेपरातले ५ अंश तुमच्या त्या कोपऱ्यात २ असू शकतात, आणि शेकोट्या करायच्या की नाही ते त्याच्यावर ठरवा.

आर्द्रतेचे सेन्सर धूळ आणि औषधाच्या फवाऱ्याने हळूहळू बिघडतात, दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात. बारीक धुकं असतानाही ८० च्या वर जात नसेल तर तो गेला समजा. डाउनीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) मात्र नुसत्या आर्द्रतेपेक्षा पान किती तास ओलं राहिलं हे दाखवणारा सेन्सर जास्त कामाचा, द्राक्षासाठी केंद्र घेताना तो असेल असंच घ्या.

वाऱ्याचं यंत्र हवामान खातं १० मीटर उंचीवर लावतं, शेतीच्या वेधशाळेत ३ मीटरवर. उंचीवर वारा जास्त असतो त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे तुलना करताना खांबाची उंची विचारा, एवढं पुरे. सूर्यप्रकाशाचं जुनं यंत्र मला अजून फार आवडतं, काचेचा भरीव गोळा आणि मागे कार्डाची पट्टी, ऊन एकवटून कार्ड जळत जातं आणि जळलेल्या रेषेच्या लांबीवरून उन्हाचे तास, ना बॅटरी ना तार, पण शेतकऱ्याला घ्यायची गरज नाही. हवेच्या दाबाचंही तसंच, शेतात त्याचा रोजचा उपयोग नाही.

बाष्पीभवन पात्र मात्र गावात एक तरी असावं. १२२ सेंटीमीटर व्यासाचं, साडेपंचवीस सेंमी खोल पसरट पात्र, वर पाखरांसाठी जाळी, रोज किती पाणी उडालं ते मोजायचं. उन्हाळ्यात समजा ९ मिमी उडालं तर साधारण ०.७ ने गुणून ६.३ मिमी, आणि त्याला पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावला की ठिबकने दर चौरस मीटरला किती लिटर द्यायचं ते निघतं. जवळच्या कृषी विद्यापीठाच्या केंद्रात हा आकडा मिळतो, विचारायला जा, ते सांगतात.

शेवटचं, मंडळाच्या केंद्राबद्दल. तुमची वही सरकारी नोंद ठरत नाही, मदत आणि विमा ठरवताना अधिकृत केंद्राचाच आकडा धरतात. पण वहीने केंद्राची तपासणी मागता येते, आणि ती मागणी वजनदार करायची असेल तर एका रात्रीचा आकडा पुरत नाही. केंद्राच्या आसपासच्या तीन-चार शेतात तसेच पाइप लावा, वेगवेगळ्या दिशांना, सगळ्यांनी साडेआठलाच वाचायचं, मोजताना मापाचा तारीख-वेळ दिसणारा फोटो काढायचा. आठ-दहा पावसांत सगळ्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि केंद्राचा दर वेळी निम्मा असं दिसलं तर तो पावसाचा लहरीपणा नाही, यंत्राचा दोष आहे. कुंपणाबाहेरूनच बघा, शेजारी झाड किंवा भिंत दुप्पट उंचीच्या आत आहे का, खांब कललाय का, वेल चढलाय का, त्याचेही फोटो. हे सगळं जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, केंद्राला हात मात्र लावू नका, नाहीतर सगळी चर्चा छेडछाडीवर जाईल. आणि नुकसान खरं असेल तर ६५ ची वाट न बघता पंचनाम्याची मागणी वेगळी करा, शेतात पाणी किती तास उभं होतं ते फोटोसकट लिहून द्या.

परतीचा पाऊस अजून बाकी आहे. पाइप आजच कापून घ्या, वहीत पहिल्या पानावर तोंडाचा आतला व्यास आणि क्षेत्रफळ लिहा, आणि बादलीवरचे जुने आकडे असतील तर तेही फेकू नका, बादलीत तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी भरून ते मिलिलिटरमध्ये मोजा, तोंडाच्या ७०७ ने भागून १० ने गुणलं की तेही सगळे दुरुस्त होतील.